नोबेलवाली हाउसवाइफ आणि आपण

१९६४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'डेली मेल' या दैनिकानं एक मथळा छापला : 'ऑक्सफर्ड हाउसवाइफ विन्स नोबेल'. ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल. वाचणाऱ्याला वाटावं, मुलांना शाळेत पाठवून बाई भांडी घासत होत्या, दारावर टकटक झाली आणि पाहतात तर पोस्टमन पारितोषिक घेऊन उभा!

ही 'हाउसवाइफ' म्हणजे डॉरोथी हॉजकिन. क्ष-किरणांच्या साहाय्यानं स्फटिकातली अणूंची मांडणी शोधून काढणं हे त्यांचं काम. पेनिसिलिनच्या रेणूची रचना त्यांनी १९४५ साली उलगडली. मग बी-१२ जीवनसत्त्वाची. त्या काळात हे काम म्हणजे हजारो ठिपक्यांचे फोटो, त्यांची मोजमापं आणि वर्षानुवर्षं चालणारी आकडेमोड. तिशीच्या आतच संधिवातानं त्यांच्या हातांची बोटं वाकायला लागली होती. त्याच हातांनी त्या केसाएवढे स्फटिक उचलून उपकरणात बसवत होत्या. १९६० पासून त्या रॉयल सोसायटीच्या संशोधन प्राध्यापक होत्या. आणि गंमत अशी, की पारितोषिक जाहीर झालं तेव्हा ही 'ऑक्सफर्डची गृहिणी' ऑक्सफर्डच्या घरात नव्हतीच. ती आफ्रिकेत, घानामध्ये होती.

'डेली टेलिग्राफ' जरा सभ्य. त्यानं 'ब्रिटिश बाई' म्हटलं, पण लगेच पुढे जोडलं, की तीन मुलांच्या आईला १८,७५० पौंडांचं बक्षीस. 'ऑब्झर्व्हर'सारख्या सुशिक्षितांच्या साप्ताहिकानं लिहिलं, की प्रेमळ चेहऱ्याच्या या गृहिणीला पारितोषिक मिळालं ते मात्र गृहिणीपणाशी काडीचाही संबंध नसलेल्या कौशल्यासाठी. हा विनोद होता. बातमी लिहिणाऱ्याला तो फार सुचला असणार.

याच विषयात, दोनच वर्षं आधी, १९६२ साली, केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू या दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पेरुट्झ हॉजकिनबाईंचे चांगले स्नेही. त्यांनाही बायको होती, दोन मुलं होती. 'केंब्रिजच्या नवऱ्याला नोबेल', 'दोन मुलांचा बाप जिंकला' असे मथळे कोणाला सुचले नाहीत. सुचले असते तर संपादकानं बातमीदाराला घरी पाठवलं असतं.

हे किस्से आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असतील. शिबिरांतून आपण ते सांगतो, बायका हसतात, चिडतात. मीही सांगत आले. पण गेली काही वर्षं ते सांगताना मला आतून काहीतरी टोचतं आहे. आपण ज्या पद्धतीनं चिडतो ती पद्धतच चुकते आहे, असं मला वाटायला लागलं आहे. त्यासाठी हा लेख. काही मैत्रिणींना तो रुचणार नाही, हे मला माहीत आहे.

आधी त्या काळातल्या वर्तमानपत्रांकडे नीट पाहू. 'हाउसवाइफ' हा साधा, रोजचा इंग्रजी शब्द. शिवी नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटन-अमेरिकेच्या वृत्तपत्रांनी तो कसा वापरला पाहा.

१९४८, लंडनचं ऑलिंपिक. हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन हिनं चार सुवर्णपदकं मिळवली : १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि रिले. वय तीस, दोन मुलांची आई. उंच उडी आणि लांब उडी यांतले जागतिक विक्रमही तेव्हा तिच्याच नावावर होते, पण वैयक्तिक शर्यतींच्या संख्येवर मर्यादा असल्यानं त्यांत ती उतरलीच नाही. स्पर्धेआधी ब्रिटिश संघाचा व्यवस्थापक म्हणाला होता, ही आता म्हातारी झाली. मुलांना सोडून अर्ध्या चड्डीत कसली पळतेस, अशी पत्रं तिला येत होती. ती जिंकली तेव्हा वृत्तपत्रांनी तिचं बारसं केलं : 'फ्लाइंग हाउसवाइफ', उडती गृहिणी. त्याच ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत जिंकणाऱ्या एमिल झाटोपेकचं नाव वृत्तपत्रांत काय पडलं? 'चेक लोकोमोटिव्ह', रेल्वेचं इंजिन. पुरुष जोरात पळाला तर तो इंजिन होतो. बाई जोरात पळाली तरी ती स्वयंपाकघरातून निसटलेली असते. अ‍ॅमस्टरडॅमला परतल्यावर शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली, आता इतकं पळायला नको म्हणून! ही भेट मात्र मला आवडते, तिच्यात खोच नव्हती, शेजारपण होतं.

१९६१. कॅनडातल्या 'व्हँकुव्हर सन'नं एका लेखिकेवर मजकूर छापला. मथळ्याचा अर्थ असा : 'गृहिणीला कथा लिहायला वेळ सापडतो'. लेखिका अ‍ॅलिस मन्रो. २०१३ साली तिला साहित्याचं नोबेल मिळालं. 'वेळ सापडतो' हे शब्द बघा. जणू घर झाडताना कपाटाखाली तिला थोडा वेळ सापडला.

१९६४. अमेरिकेतल्या कोलंबस गावची जेरी मॉक एकटीनं विमानानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली स्त्री ठरली. अकरा वर्षं जुनं, एका इंजिनाचं सेस्ना विमान, साधारण २३,००० मैल, साडेएकोणतीस दिवस. वाटेत ती कराची, दिल्ली, कलकत्त्यालाही उतरली होती. सौदी अरेबियातल्या धाहरानला उतरली तेव्हा विमानात कुठे पुरुष लपलेला नाही ना, हे बघायला लोक आत डोकावले. अमेरिकी वृत्तपत्रांना आत डोकवायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे शब्द तयार होता, सोळा वर्षांपूर्वीच शिवून ठेवलेला : 'फ्लाइंग हाउसवाइफ'. हिनं विद्यापीठात विमानविद्येचा अभ्यास केला होता, लग्नासाठी तो सोडला होता. मथळ्यात शिक्षण आलं नाही, लग्न आलं.

मला विचाराल तर या सगळ्यांत सर्वांत बोलका किस्सा अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा आहे. १९६३ साली मारिया गेपर्ट-मायर यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अणूच्या गाभ्यातली कणांची रचना कवचांसारखी असते, हा त्यांचा सिद्धान्त. १९०३च्या मेरी क्युरीनंतर साठ वर्षांनी भौतिकशास्त्रात नोबेल मिळवणारी ही दुसरी स्त्री. तिसरी यायला २०१८ साल उजाडावं लागलं. आणि गावातल्या वृत्तपत्राचा मथळा? सॅन दिएगोच्या आईला नोबेल.

इथवर आपण हसतो, चिडतो. पण मायरबाईंचं उरलेलं आयुष्य त्या मथळ्याशेजारी ठेवून बघा. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या. नवरा प्राध्यापक. नवरा-बायको दोघांना एकाच विद्यापीठात नेमायचं नाही, असा तिथल्या विद्यापीठांचा नियम, वशिलेबाजी टाळण्यासाठी म्हणे. मग या बाईला एक खोली मिळे, विद्यार्थी मिळत, संशोधन करायची मुभा मिळे. पगार मिळत नसे, नाहीतर नावापुरता मिळे. शिकागो विद्यापीठात त्यांचा हुद्दाच 'स्वयंसेवी' प्राध्यापक असा होता. ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते याच शिकागोच्या वर्षांतलं, पोटापुरतं मानधन शेजारच्या प्रयोगशाळेतून अर्धवेळ कामाचं. विद्यापीठात पूर्ण पगाराची पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा मिळाली ती १९६० साली. म्हणजे तीस वर्षांनी.

आता सांगा, त्या विद्यापीठांनी त्यांना कसं वागवलं? घर जसं गृहिणीला वागवतं तसंच ना! जागा आहे, काम आहे, मान आहे, कामाशिवाय तुमचं चालतही नाही. फक्त मोबदला नाही, कारण तो नवऱ्याच्या पगारात आलाच की. वृत्तपत्रानं मथळ्यात 'आई' लिहिलं ते अज्ञानातून. पण हिशेबाच्या वहीत तिचं स्थान नेमकं तेच होतं.

हे लक्षात आलं तेव्हा 'हाउसवाइफ' या शब्दाचं खरं काम मला दिसायला लागलं. एवढी मोठी शास्त्रज्ञ आणि तिला कसं खाली खेचलं, असं आपण म्हणतो. खाली कुठे? स्वयंपाकघरात. म्हणजे स्वयंपाकघर खालीच आहे, हे संपादकाइतकंच आपणही धरून चालतो. हा शब्द अपमान करतो तो शास्त्रज्ञ बाईला घरकाम करणारी म्हणून नव्हे. बाईनं केलेलं कुठलंही काम, चुलीपुढचं असो की प्रयोगशाळेतलं, हे काम नसून तिचा स्वभाव आहे, असं तो सांगतो. हाउसवाइफ काही 'करत' नाही, ती 'असते'. मग ती नोबेल मिळवते तेव्हाही काही केलेलं नसतं. गृहिणी असता असता तिला ते मिळालेलं असतं.

या शब्दाचा इतिहासही मजेशीर आहे. इंग्रजीत जुन्या काळी घर चालवणारी बाई असा त्याचा सरळ अर्थ. पुढे उच्चार झिजून त्याच शब्दाचं दुसरं रूप झालं 'हसी', आणि त्याचा अर्थ झाला उठवळ, निर्लज्ज बाई. एकाच शब्दाची दोन पिल्लं : एक देव्हाऱ्यात, एक उकिरड्यावर. आपल्या भाषेत निदान सावित्री आणि सटवी हे दोन वेगळे शब्द आहेत! ब्रिटिश सैनिकांच्या पिशवीत सुईदोऱ्याची एक छोटी गुंडाळी असे, तिलाही 'हाउसवाइफ' म्हणत. तुटलेलं बटण लावायला उपयोगी, गुंडाळून खिशात ठेवायला सोपी. यापुढे मी काही बोलायची गरज नाही.

पण वृत्तपत्रांतला हा शब्द नेहमी दयेचा, चेष्टेचाच होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. सरकारला गरज पडली की त्याच शब्दाला लष्करी पोशाख चढे. १९४० साली ब्रिटनमध्ये शिधावाटप सुरू झालं, रेडिओवर 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम लागू लागला. स्वयंपाकघर ही आघाडी, गृहिणी ही सैनिक. शिळ्या पावाचं काय करावं, बटाटा सालासकट कसा शिजवावा, याला देशभक्ती म्हणत. युद्ध संपलं, शिधावाटप मात्र १९५४पर्यंत चाललं. रांगांना कंटाळलेल्या बायकांनी १९४५ साली 'ब्रिटिश हाउसवाइव्ह्ज लीग' काढली आणि मजूर पक्षाच्या सरकारला सळो की पळो केलं. त्यांचं राजकारण आपल्या पठडीतलं नव्हतं, उजवीकडे झुकलेलं होतं. तरी 'हाउसवाइफ' हे नाव त्यांनी स्वतः घेतलं होतं, झेंड्यासारखं.

आपल्याकडे १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर कार्यकर्त्यांनी महागाईविरोधात बायकांची संयुक्त आघाडी उभी केली, लाटणं हातात आलं, थाळ्या वाजल्या. तेव्हाही हेच घडलं होतं. महागाईची बातमी असेल तर गृहिणीला बोलायचा अधिकार असतो. तिला विचारतात, तेल किती महागलं. तेलाच्या धोरणाबद्दल विचारायचं झालं तर माइक दुसरीकडे वळतो.

युद्धाच्या काळातली एक बाई मला विसरता येत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या बॅरो गावची नेला लास्ट. सामान्य लोकांनी आपल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी लिहून पाठवाव्यात, असा 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाचा उपक्रम तिथे चालू होता. १९३९ साली हिनं लिहायला सुरुवात केली आणि ओळख म्हणून वर लिहिलं : गृहिणी, वय ४९. मग ती वर्षानुवर्षं लिहीत राहिली, लाखो शब्द. बॉम्बहल्ले, कॅन्टीनचं काम, मुलगा सैन्यात, नवऱ्याशी अबोला, त्याच्या रागालोभाला जपण्यात गेलेली वर्षं आणि युद्धकाळातल्या बाहेरच्या कामानं हाताला लागलेली स्वतःची किंमत. 'हाउसवाइफ' या एका शब्दामागे किती माल भरलेला असतो, हे पाहायचं असेल तर ही बाई. तिच्या काळात तिला वृत्तपत्राचा मथळा मिळाला नाही. डायरी पुस्तकरूपानं आली १९८१ साली, ती गेल्यावर.

आता अमेरिकेकडे वळते, कारण आपल्या चळवळीनं हा शब्द उचलला तो तिथून. बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' आलं १९६३ साली. नियतकालिकांनी रंगवलेली सुखी गृहिणी खोटी आहे, ती आतून कुढते आहे, हे त्यांनी मांडलं. त्याचं ऋण मोठं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्या पुस्तकात आणि त्यानंतरच्या मुलाखतींत फ्रीडन स्वतःला उपनगरातली एक गृहिणी म्हणूनच पेश करत होत्या. खरं काय होतं? चाळिशीच्या दशकापासून त्या कामगार चळवळीतल्या पत्रकार होत्या. विद्युत कामगारांच्या संघटनेच्या पत्रात त्यांनी सहा वर्षं काम केलं, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी ती नोकरी गेली. पुढे नियतकालिकांत सतत लिहीत होत्या. त्यांनी हे का झाकलं ते समजू शकतं. कम्युनिस्टांची शिकार चालू होती तो काळ मागेच सरला होता, आणि कामगार संघटनेतल्या बाईचं पुस्तक कोण वाचणार? गृहिणी म्हटलं की दारं उघडत. वृत्तपत्रांनी हॉजकिनबाईंना जो मुखवटा जबरदस्तीनं चढवला, तोच फ्रीडनबाईंनी आपणहून घातला.

आणि ज्यांना तो मुखवटाही मिळत नव्हता त्यांचं काय? अमेरिकेतल्या काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घरं झाडत होत्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळत होत्या, मग घरी येऊन आपली. त्यांना वृत्तपत्रांनी कधी 'हाउसवाइफ' म्हटलं नाही. त्या 'मेड', किंवा पन्नाशीच्या बाईलाही 'गर्ल'. बेल हुक्स यांनी १९८४ साली हेच सुनावलं : फ्रीडनच्या गृहिणी घराबाहेर पडल्यावर त्यांच्या घरातलं काम कोण करणार होतं? पगार न घेता घरकाम केलं तर गृहलक्ष्मी, तेच काम पगार घेऊन केलं तर मोलकरीण. काम तेच. पैसा आला की प्रतिष्ठा जाते, असं जगातलं हे बहुधा एकमेव काम असेल!

वृत्तपत्रांत हे सगळं बसवायला एक स्वतंत्र पान असे. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्या पानाचा मथळाच असायचा अन्न, फॅशन, कुटुंब, घरसजावट. नोव्हेंबर १९६६ मध्ये फ्रीडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नाऊ' ही राष्ट्रीय संघटना जाहीर केली. समान वेतन, समान हक्क, कायद्याची अंमलबजावणी, अशा मागण्या. ती बातमी आली याच पानावर, सणाच्या जेवणाच्या पाककृतींखाली. शेजारी एका केशभूषाकाराच्या पुनरागमनाची वार्ता. बायकांनी क्रांती करायची तर टर्की भाजून झाल्यावर!

अशी वृत्तपत्रं सुधारली का? शब्द सुधारले. २०१३ साली याच 'न्यूयॉर्क टाइम्स'नं इव्हॉन ब्रिल या अग्निबाण-शास्त्रज्ञ बाईंचा मृत्युलेख छापला आणि सुरुवात केली ती त्या काय चविष्ट स्ट्रोगॅनॉफ करत, इथून. ओरड झाल्यावर वेबसाइटवरचं ते वाक्य बदललं. 'हाउसवाइफ' शब्द त्यात नव्हता. गरजच पडली नाही.

आता आपल्या चुकीकडे येते. हॉजकिनबाईंचा मथळा सांगून झाला की आपण शेवटी म्हणतो, 'ती काही नुसती गृहिणी नव्हती, शास्त्रज्ञ होती.' या 'नुसती' शब्दाचा मला आता त्रास होतो. समोर बसलेल्या पन्नासांपैकी चाळीस बायका गृहिणी असतात. आपण त्यांच्याच तोंडावर सांगतो, की हॉजकिनवर झालेला अन्याय असा, की तिला तुमच्यात मोजलं. आणि मग चहाच्या सुट्टीत आपणच कुजबुजतो, बायका बोलत का नाहीत.

काही मैत्रिणी म्हणतील, मग काय घरकामाचे गोडवे गायचे? बायकांना चुलीशीच बांधायचं? अजिबात नाही. गोडवे गाणं हा तर त्या संपादकांचाच धंदा होता. मार्गारेट थॅचर याही तो उत्तम करत. घर चालवणाऱ्या बाईला देश चालवण्याचे प्रश्न जास्त कळतात, असं त्या सांगत. (या थॅचर ऑक्सफर्डमध्ये डॉरोथी हॉजकिन यांच्याच विद्यार्थिनी, रसायनशास्त्राच्या.) आणि सत्तेवर आल्यावर त्यांच्या धोरणांनी कुणाची घरं विस्कटली ते खाणकामगारांच्या बायकांना विचारा. मला गोडवे नकोत, हिशेब हवा. ब्रिटिश संशोधक अ‍ॅन ओकली यांनी सत्तरीच्या दशकात लंडनमधल्या चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या कामाचे तास मोजले. आठवड्याला सरासरी ७७ तास. ज्या काळात वृत्तपत्रं गृहिणीला 'असणारी' म्हणत होती, त्या काळात ती कारखान्यातल्या कामगाराच्या जवळजवळ दुप्पट राबत होती.

आपल्याकडे हा हिशेब कोर्टात होतो, आणि तोही बाई मेल्यावर. मोटार अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या परिशिष्टात एक सूत्र होतं : न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक-तृतीयांश धरायचं. म्हणजे क्लार्कच्या बायकोची भाकरी स्वस्त, मॅनेजरच्या बायकोची महाग. २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०१० साली न्यायालयानंच जनगणनेवर ताशेरे ओढले, की तुम्ही घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या, कैदी यांच्याबरोबर 'अनुत्पादक' रकान्यात टाकता. २०२१च्या एका निकालात २०११च्या जनगणनेचे आकडे आले : घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, पुरुष ५७ लाख ९० हजार.

मग २०२३च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाषेतल्या स्त्रीविरोधी साच्यांवर एक पुस्तिका काढली. तिच्यात म्हटलं, 'हाउसवाइफ' लिहू नका, 'होममेकर' लिहा. हेतू चांगला आहे. पण डॉरोथी हॉजकिन यांना 'ऑक्सफर्डच्या होममेकर' म्हटलं असतं तर काय फरक पडला असता? शब्दाला नवी साडी नेसवली, घरात कामाला तीच. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बायकांचा बिनपगारी घरकामात जाणारा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. त्याआधीच्या, २०१९च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवली! 'होममेकर' म्हणा, 'गृहस्वामिनी' म्हणा, हे आकडे शब्दानं हलणार नाहीत.

पण शब्दाचा पिच्छाही सोडता येत नाही, कारण तो फॉर्मवर असतो. आणि फॉर्म आपलेही असतात. मागच्या शिबिराच्या नोंदणीच्या वह्या मी सहज चाळत होते. नाव, वय, गाव, शिक्षण, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात ओळीनं 'गृहिणी', 'गृहिणी', 'घरीच', 'काही नाही', 'वरीलप्रमाणे'. अक्षर आपल्याच कार्यकर्त्यांचं. बायकांनी जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं, पुढचा प्रश्न विचारला नाही. 'काही नाही' असं जिच्यापुढे लिहिलं होतं तिला मी ओळखते. तिच्या घरी दोन म्हशी आहेत, अंथरुणाला खिळलेली सासू आहे, आणि हंगामात ती दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाते.

पुढच्या शिबिराला आम्ही तो रकाना खोडला आणि त्या जागी लिहिलं : 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?' नोंदणीला तिप्पट वेळ लागला. उद्घाटनाचं भाषण पाऊण तास उशिरा सुरू झालं, पाहुण्याबाई जरा नाराज झाल्या. टेबलावर बसलेल्या मुलीनं अकराव्या बाईनंतर येऊन मला विचारलं, 'ताई, ओळ पुरत नाही, मागच्या बाजूला लिहू का?'